तारेचा गिअर, बॅटरीचा गिअर

उजव्या हाताचा शिफ्टर झिजला. सायकल नऊ गिअरच्या कॅसेटची, पुढे तीन चेनरिंग, स्टीलची फ्रेम अजून ठणठणीत. आता तसाच शिफ्टर शोधून बसवायचा, की या निमित्ताने गिअर बदलायची सगळी पद्धतच बदलून टाकायची? प्रश्न मामांचा होता. पण त्यांची भाची पुण्याहून आली होती, मीही तिथे होतो, आणि तारिहाळ इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्यांच्या मशीनशॉपमध्ये शनिवारी दुपारनंतर ऑर्डरी थंडावलेल्या असतात. त्यामुळे प्रश्न लांबला.

मामा हुबळीतल्या व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्यांना स्पिंडल आणि बुश करून देतात. साठीला टेकलेत. रविवारी सायकल काढतात आणि वर्षातून दोन-तीन बीआरएम करतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ४०० सत्तावीस तासांत, अशा ठरलेल्या वेळेच्या, कुणाशीही शर्यत नसलेल्या लांब फेऱ्या. भाचीला २०२७ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचंय, म्हणजे १२०० किलोमीटर नव्वद तासांच्या आत. तिच्या सायकलीला तारच नाही. बारा गिअर, बटण, मोटर, बॅटरी. मी दोघांच्याही सायकली चालवून पाहिल्यात. माझं मत कुणीकडे झुकतं ते मध्ये मध्ये सांगेनच.

भाची : मामा, तो शिफ्टर गेलाच हे नक्की ना? जुन्या लिव्हरमध्ये बहुतेक वेळा ग्रीस वाळून चिकट होतं, पॉल अडकतात. डिग्रीझर मारून धुतला की पुन्हा चालतो.

मामा : ते पहिल्या दिवशीच केलं की. रात्रभर डिझेलमध्ये ठेवला. पॉल सुटले, पण आतल्या रॅचेटचा दातच गोल झालाय. तसला दात मी इथे करीन, हार्डनिंगही करून आणीन. पण उघडून पुन्हा जोडावा असा तो भागच केलेला नाही. कॅम्पाग्नोलो कंपनीच्या जुन्या एर्गोपॉवर लिव्हरला स्प्रिंगसुद्धा सुटी मिळायची. ह्याला म्हणे अख्खा लिव्हर बदला.

भाची : मग बदला ना. पण तारेचाच का? आता इलेक्ट्रॉनिक घ्या. बटण दाबायचं, मोटर डिरेलरला जिथे न्यायचं तिथे नेते. आज नेते तसंच तीन वर्षांनी नेते.

मामा : अगं, तार ओढते किती ते तरी बघ. आठ गिअर होते तेव्हा एका टिचकीला २.८ मिलिमीटर. नऊला अडीच, दहाला २.३. डिरेलर ते १.७ पटीने वाढवतो आणि चेन शेजारच्या दातावर जाते. माझ्याकडे पोरं दहा मायक्रॉनमध्ये जॉब काढतात. आणि अडीच मिलिमीटर तार ओढायला मला बॅटरी लावायची?

भाची : अडीच मिलिमीटर ओढणं सोपं आहे मामा. अडीचच ओढणं, आणि तेही सहा महिन्यांनी, अवघड आहे. आउटर दबते, इनर ताणते. उन्हाळ्यात अण्णिगेरी-नवलगुंदकडे जाता तेव्हा काळ्या मातीची धूळ आत बसते, जूनमध्ये तिचा चिखल होतो. मग चेन दोन दातांच्या मध्ये कडकड करत राहते. तुम्ही स्वतःच तुमच्या पोरांना काय सांगता? बॅकलॅश आहे तिथे डायलवर विश्वास ठेवू नका.

हा टोला बरोबर बसला. आणि सायकलीचे भाग बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतंच. दात वाढत गेले तसतसं दोन दातांमधलं अंतर कमी होत गेलं: आठ गिअरला ४.८ मिलिमीटर, नऊला ४.३५ च्या आसपास, दहाला ३.९५. तारेची चूक मात्र तेवढीच राहिली. म्हणून शिमानो कंपनीने अकरा गिअर आणले तेव्हा हिशेब उलटा केला: तार जास्त ओढायची, २.७ मिलिमीटर, आणि डिरेलरने ती १.४ पटीनेच वाढवायची. तारेत ०.२ मिलिमीटरचा घोळ असेल तर जुन्या रचनेत चेनपाशी तो ०.३४ व्हायचा; नव्यात ०.२८. सहा शतांश मिलिमीटरसाठी जगभरचे जुने लिव्हर आणि नवे डिरेलर एकमेकांना चालेनासे झाले. मामांना याचा राग आहे. मला हा राग पटतो, पण कारणही पटतं.

मामा : बॅकलॅश असतो, पण तो काढता येतो. बॅरल अ‍ॅडजस्टर पाव आटा फिरवला की झालं. सायकलीवर बसूनसुद्धा फिरवता येतो.

भाची : रोज?

मामा : महिन्यातून एकदा. आणि तेवढ्यात माझं सायकलीकडे लक्षही जातं.

भाची : हे प्रत्येक वेळी म्हटलं गेलंय. ट्यूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज, त्यांनी शर्यतीत डिरेलरच येऊ दिला नाही. गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, असं त्यांचं मत. ते बाजूला झाले तेव्हा कुठे १९३७ मध्ये परवानगी मिळाली. मग डाउनट्यूबवरचे फ्रिक्शन लिव्हर आले, हात हँडलवरून खाली न्यायचा आणि चेन कुठे बसली ते कानाने ऐकायचं. १९८४ मध्ये शिमानोने टिचकीचं इंडेक्सिंग आणलं, तेव्हाही जुने लोक म्हणाले कान असताना टिचकी कशाला. १९९० मध्ये ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर आला, १९९२ मध्ये कॅम्पाग्नोलोचा एर्गोपॉवर. तुमचा हा झिजलेला शिफ्टर त्याच घराण्यातला आहे मामा. तुमच्या आधीच्या पिढीच्या दृष्टीने तो चैनीचाच होता.

मामा : होता की. पण चैन आणि गरज ह्यांच्यामध्ये दुरुस्ती असते. डाउनट्यूबचा लिव्हर स्क्रू ड्रायव्हरने उघडायचा. माझा लिव्हर उघडून मी फक्त बघू शकलो. तुझा उघडला तर तुलाही कळणार नाही काय बिघडलंय.

भाची : मला नाही, अ‍ॅपला कळतं.

मामा हसले आणि कोपऱ्यातल्या सीएनसीकडे बोट दाखवू लागले, पण भाचीने ते बोट आधीच पकडलं.

भाची : थांबा, तिकडेच येते मी. त्या मशीनचा टरेट कोण फिरवतं? आठ टूल, प्रोग्रॅममध्ये नंबर येतो, मोटर टरेट फिरवते, लॉक करते, मग कटिंग. तुमचा ऑपरेटर प्रत्येक टूलला हाताने ढकलतो का? माझ्या सायकलीच्या मागे त्याच कल्पनेचं एक मूठभर यंत्र आहे. धंद्यात सर्व्हो चालतो आणि सायकलीत नाही, हे कसं?

मामा : कारण तो टरेट शॉपमध्ये आहे. छप्पर आहे, स्टॅबिलायझर आहे. अलार्म आला तर पडद्यावर नंबर येतो, मी फोन लावतो, दुसऱ्या दिवशी माणूस येतो. आणि तो येईपर्यंत काम कशावर चालतं? ह्याच्यावर.

ह्याच्यावर म्हणजे हरिहरला बनलेल्या जुन्या किर्लोस्कर लेथवर. मैसूर किर्लोस्करचा तो कारखाना १९४१ चा. या भागातल्या किती तरी शॉपमध्ये त्यांचे लेथ अजून फिरताहेत. इथे मला राहवलं नाही आणि मी मध्ये बोललो. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात झाली ती सायकलीच्या दुकानाने. तिथून नांगर, मग १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, मग पुढच्या पिढीत हरिहरला लेथ. तिकडे जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात शोझाबुरो शिमानोंनी १९२१ मध्ये कारखाना काढला तो भाड्याने आणलेल्या एका लेथवर, आणि त्यावर पहिली वस्तू केली ती सायकलीचं फ्रीव्हील. आपले लोक सायकलीकडून लेथकडे गेले, ते लेथकडून सायकलीकडे आले. बेळगावच्या दुकानात कुणाला त्या वेळी फ्रीव्हील करावंसं वाटलं असतं तर, असा विचार मी मामांच्या शॉपमध्ये नेहमी करतो. मामा म्हणाले, "तर मग माझ्या लिव्हरच्या स्प्रिंगा हरिहरला मिळाल्या असत्या." आणि पुन्हा भाचीकडे वळले.

मामा : यंत्र वाईट असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं बिघडण्याबद्दल आहे. तार मरते ती हळूहळू. आधी गिअर उशिरा पडतो, मग पडतच नाही, मग तुटते. आठवडाभर आधी सांगते. मोटर सांगते का?

भाची : तुमच्या तारेने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, हे तुम्हाला सुचवायचंय. (माझ्याकडे वळून) काका, ही गोष्ट माझ्या आधीच्या सायकलीची. अकरा गिअर, तारेचे. यल्लापूरच्या पुढे तारेचं डोकं लिव्हरच्या आत तुटलं. बाहेरून तार नवीकोरी दिसत होती.

हे अनेकांना झालेलं आहे. हँडलच्या टेपखालून तार नेणाऱ्या लिव्हरांमध्ये तार एका लहान पुलीभोवती जोरात वळते, आणि तिथेच एकेक धागा तुटत जातो. काही हजार किलोमीटरनंतर, बाहेरून काही दिसत नसलं तरी, आतली तार बदलून टाकणं हाच उपाय.

मामा : मग काय केलंस सांग की काकांना.

भाची : तार तुटली की स्प्रिंग डिरेलरला सगळ्यात लहान दातावर नेऊन ठेवते. अकरा दात, आणि समोर चढ. मी तिथूनच मामांना फोन केला.

मामा : आणि मी सांगितलं, लिमिट स्क्रू आत पिळत जा. पिळत पिळत चेन जरा मोठ्या दातावर येते आणि तिथेच राहते. पुढे दोन चेनरिंग आहेतच, म्हणजे दोन गिअर झाले. त्या दोन गिअरवर ती घरी आली. आता मला सांग, तुझी मोटर बंद पडली तर फोनवर मी काय सांगू?

भाची : बॅटरी बघ, एवढंच. मोटर सहसा बंद पडत नाही, बॅटरी संपते, आणि तीही सांगून. शिमानोचं आधी पुढचं डिरेलर थांबतं, मागचं चालू राहतं. तेवढ्यात गाव येतं. रोड सायकलला एका चार्जमध्ये हजारेक किलोमीटर जातात आणि पॉवरबँकेवर चार्ज होतं. स्रॅम कंपनीच्या सेटमध्ये पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी सारखीच. मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची. हे तुम्ही फोनवर सांगू शकता.

मामा : आणि लिव्हरमधले सेल?

भाची गप्प बसली नाही, पण तिचा वेग कमी झाला. बिनतारी लिव्हरमध्ये नाण्याएवढे सेल असतात, वर्ष-दीड वर्ष टिकतात म्हणून माणूस ते विसरतो. स्रॅमला सीआर २०३२ लागतो. तो घड्याळाच्या दुकानात, गाडीच्या किल्लीवाल्याकडे, कुठेही मिळतो. शिमानोच्या बारा गिअरच्या बिनतारी लिव्हरला सीआर १६३२ लागतात. ते कलघटगीच्या बाजारात मागून बघा. मला वाटतं लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराने निवड करताना मोटरपेक्षा या सेलच्या नंबरकडे जास्त लक्ष द्यावं.

मामा : आणि ते हॅकिंगचं वाचलं मी पेपरात. बाजूला उभा राहून कुणीतरी तुझा गिअर बदलतो म्हणे.

भाची : २०२४ चं ते. अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की लिव्हरचा रेडिओ सिग्नल रेकॉर्ड करून तोच पुन्हा सोडला तर डिरेलर फसतं. कंपनीने सॉफ्टवेअर बदललं. मामा, बायपासवर माझा गिअर बदलायला कोण येतंय? तिथे मला ट्रकची भीती वाटते, हॅकरची नाही.

इथे दोघांचं एकमत झालं. गब्बूर ते नरेंद्र हा बायपास सायकलीवाल्यांच्या बोलण्यात नेहमी येतो आणि कधीच कौतुकाने येत नाही. पुणे-बंगळूरू महामार्ग दोन्हीकडे रुंद, आणि हुबळी-धारवाडला वळसा घालताना अरुंद राहिला. सहापदरी करायचं काम निघालं. शॉपपासून हा रस्ता जवळच, त्यामुळे मामा पहाटेच निघतात. मुद्दा गिअरचा नाही, पण एका अर्थाने आहेच: अशा रस्त्यावर हात हँडलवरून हलवावा लागणं आणि न लागणं यातला फरक कागदावर दिसत नाही.

भाची : तेच म्हणते मी. हाताचंच. मामा, मागच्या ४०० च्या बीआरएमनंतर काय झालं होतं ते काकांना सांगा.

मामा : काही नाही. करंगळी बधिर झाली होती.

भाची : करंगळी, अनामिका आणि तीन आठवडे. शर्टाचं बटण मामी लावत होती.

ही लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधली नेहमीची तक्रार आहे. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नस जाते; तासन्‌तास त्या भागावर वजन पडलं की नस दबते, बोटं बधिर होतात, पकड जाते. अशा हाताने डावा लिव्हर आत ढकलून चेन लहान चेनरिंगवरून मोठ्यावर चढवणं म्हणजे शिक्षा. मागचा गिअर दोन बोटांनी पडतो, पुढच्याला मनगट लागतं. पहाटे तीन वाजता, तीनशे किलोमीटरनंतर, लोक पुढचा गिअर बदलायचंच सोडून देतात. इलेक्ट्रॉनिकच्या जाहिरातीत वेगाबद्दल बरंच असतं. माझ्या मते त्याचा खरा गुण हा आहे: बटणाला जोर लागत नाही. पहिल्या किलोमीटरला जेवढा लागत नाही तेवढाच सहाशेव्यालाही लागत नाही. वेगाचा फायदा आपल्यासारख्यांना शून्य आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही शर्यत झाली तेव्हा भाची रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि शर्यतीतल्या सायकलींचा दाखला ती तेव्हापासून देते. मामांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं आहे: "त्यांच्या मागे टपावर दुसरी सायकल घेऊन गाडी येते. माझ्या मागे येतो तो ट्रक."

पण हाताच्या मुद्द्यावर त्यांच्याकडे उत्तर नसेल असं मला वाटलं होतं. होतं.

मामा : बोटांनी ढकलायचंच कशाला? हँडलच्या टोकाला लावायचा लिव्हर असतो, बार-एंड. फ्रिक्शनचा. तळहाताने ढकल, मुठीने ढकल, कोपराने ढकल. त्याला इंडेक्स नाही म्हणून सेटिंग नाही, सेटिंग नाही म्हणून बिघडणं नाही. चेन घासली तर केसभर मागेपुढे करायचं.

भाची : आणि अरबैल घाट उतरताना? पुढे वळण, मागे ट्रक, आणि तुम्ही ब्रेक सोडून हात हँडलच्या टोकाला नेणार?

मामा : उतारावर गिअर कशाला बदलायचा?

भाची : वळणातून बाहेर पडताना लगेच चढ आला तर? मागचा गिअर तुम्ही दर मिनिटाला बदलता मामा, मोजलं नसेल तुम्ही कधी. पुढचा तासातून चार वेळा. दोघांना एकच औषध कसं चालेल?

या वाक्यावर मामा थोडा वेळ थांबले. मीही. पुढचा आणि मागचा डिरेलर यांची कामं इतकी वेगळी आहेत की त्यांना एकाच पद्धतीने चालवलं पाहिजे हा नियम मुळात कुणी केला? बाजाराने. जोडीने विकतात म्हणून.

भाची मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने मामांच्या कॅसेटकडे मोर्चा वळवला.

भाची : आणि हे बारा ते पंचवीस दातांचं कॅसेट घेऊन तुम्ही घाट चढता. पुढे तीस, मागे पंचवीस. ७० च्या लयीने पाय मारले तर ताशी पावणेअकरा किलोमीटर. त्याहून हळू जायचं म्हटलं की गुडघा मोडायचा. माझ्याकडे चौतीस-चौतीस. त्याच लयीत ताशी नऊ. ह्या वयात मला नाही, तुम्हाला तो गिअर पाहिजे.

मामा : ते बॅटरीमुळे नाही, कॅसेटमुळे. नऊ गिअरच्या काळात रोडचा लिव्हर आणि एमटीबीचा डिरेलर एकाच मापाचे होते. एमटीबीचं चौतीस दातांचं कॅसेट आणि तिथलाच डिरेलर लावतो. तीस-चौतीस. कर हिशेब.

भाचीने केला. ताशी आठच्या आत.

भाची : पण दातांमध्ये केवढाली भोकं राहतील. नऊच दात, अकरापासून चौतीसपर्यंत. धारवाडला जाताना पावसाळ्यात समोरून वारा असतो तेव्हा एक गिअर जड, दुसरा हलका, मधला नाहीच.

मामा : तुझ्या बारांत सोळाचा दात आहे?

भाची : ... नाही. पंधरानंतर सतरा.

मामा : माझ्यात पण नाही. मग तीन जास्तीचे दात कुठे गेले?

भाची : मोठ्या बाजूला. घाटात.

मामांनी विजयाची मुद्रा केली, पण ती पूर्ण खरी नव्हती. बारा गिअरचं ११-३४ कॅसेट अकरापासून पंधरापर्यंत एकेक दाताने चढतं आणि वर एकवीस, चोवीस, सत्तावीस असं समजूतदारपणे उघडतं. नऊ दातांमध्ये तेवढीच मजल मारायची तर मध्ये उड्या मोठ्या येणारच. ज्याला वाऱ्यात तासभर एकाच लयीत पाय मारायचेत त्याला हे जाणवतं. मला जाणवलं आहे. ही गोष्ट भाचीच्या बाजूची.

पैशाचं दोघांनी लवकर उरकलं, कारण त्यात वाद फारसा नव्हता. शिमानोचा १०५ हा मधल्या पायरीचा सेट २०२२ मध्ये बारा गिअरचा झाला तो आधी फक्त इलेक्ट्रॉनिक. २०२३ मध्ये त्याचा बारा गिअरचा तारेचा अवतार आला, आणि किमतीत फरक जवळजवळ दुपटीचा. त्याच्या वरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एसमध्ये बारा गिअरला तारेचा पर्यायच ठेवलेला नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरची तारेची वाट बंद झाली. पण तळमजल्यावर उलटं घडतंय. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा या खालच्या पायऱ्यांच्या जागी कंपनीने क्यूज आणलं, २०२५ मध्ये ते रोडच्या वाकड्या हँडलसाठीही आलं: तारेचं, नऊ-दहा-अकरा गिअरचं, जाड दातांचं, जास्त किलोमीटर टिकावं म्हणून केलेलं. शर्यतीचा हव्यास सोडला की कारखानदारालाही टिकाऊपणा आठवतो, असं मामा म्हणाले. मला हे वाक्य जरा एकांगी वाटतं. टिकाऊ माल विकायलाही बाजार लागतो, आणि तो रोज कामावर सायकलीने जाणाऱ्यांचा आहे. आपण रविवारचे सायकलवाले त्यात फुकट शिरतो.

मी विचारलं, मग मामांनी क्यूजच का घेऊ नये?

मामा : घेतला तर लिव्हर, डिरेलर, कॅसेट, क्रँक, सगळं बदला. ओढायचं माप वेगळं. माझ्याकडे बिघडलाय एक लिव्हर. व्हॉल्वचा एक स्पिंडल झिजला म्हणून कुणी अख्खी पाइपलाइन बदलत नाही.

भाची : बरं. मग असं करा. क्यूजचा सोडून आज मिळणारा नऊ गिअरचा नवा लिव्हर घ्या, फक्त उजवा. मागचं माप तेच आहे, तुमच्या डिरेलरला चालेल. मागचा गिअर हूडवरून, टिचकीने, हात न हलवता.

मामा : पुढचं माप मात्र बदललंय त्यांनी.

भाची : म्हणून डावा घ्यायचाच नाही. डावा जुना लिव्हर नुसता ब्रेकला ठेवा, त्याची गिअरची तार काढून टाका. आणि पुढच्यासाठी तुमचा तो बार-एंड, फ्रिक्शनचा. फ्रिक्शनला माप लागत नाही, कुठलंही डिरेलर चालतं. तासातून चार वेळा, मुठीने. करंगळी बधिर असली तरी.

मामा : ही कल्पना माझी होती.

भाची : अर्धी तुमची होती. तुम्ही दोन्ही बाजूंना लावणार होतात.

अशी मिश्र रचना नवी नाही. लांब पल्ल्याचे जुने सायकलस्वार ती मुकाट्याने वापरत आलेत. कुठल्याही कंपनीच्या यादीत ती सापडत नाही, कारण एका खोक्यात ती विकता येत नाही. मला ती त्या दुपारच्या सगळ्या पर्यायांत उजवी वाटली. मात्र हे मत मामांच्या सायकलीपुरतं आहे. भाचीच्या नव्वद तासांसाठी मी तिच्याच पद्धतीच्या बाजूने आहे. झोप नसलेल्या माणसाने पुढचा गिअर चुकवला तर चेन पडते, आणि अंधारात, पावसात, थंड बोटांनी ती पुन्हा चढवायची असते. मोटर पुढची चेन बिनचूक चढवते, चेन घासू लागली तर पुढचं डिरेलर आपणहून थोडं सरकवते. तारेवर हे कौशल्य आहे. बावन्नाव्या तासाला कौशल्यावर भिस्त ठेवू नये.

मामांना हे पटलं का? त्यांनी वेगळाच प्रश्न काढला.

मामा : तिकडे डिरेलर ज्यावर टांगतात तो हँगर वाकला तर?

भाची : वाकला तर दोघांचाही गिअर सारखाच चुकतो. मोटर बिनचूक तिथे जाते जिथे आता दात नसतो.

मामा : मग स्पेअर हँगर घेऊन जा. आणि जाण्याआधी सायकल इकडे आण, माझ्या गेजवर बघतो. दुकानदार नजरेने बघतात. विमानात खोक्यात घातली की पहिला तोच वाकतो.

भाची : आणते. पण विमानाआधी डिरेलर काढूनच ठेवणार आहे मी.

मामा : आणि त्या सोळा-बत्तीसच्या सेलच्या दोन जोड्या. एक पिशवीत, एक खिशात.

भाची : एक जोडी पुरे.

मामा : दोन.

भाची : बरं, दोन. उजव्या लिव्हरची ऑर्डर मी टाकते. बार-एंडचं काय, तोही मागवू?

मामा : लिव्हर मागव. हँडलच्या नळीत बसणारा प्लग मी इथे टर्न करतो, आतला व्यास व्हर्नियरने घेतलाय सकाळीच.

भाची : सकाळीच? म्हणजे मी यायच्या आधीच ठरलं होतं तुमचं.

मामा : दोन्ही बाजूंचे घेतले होते. आता एकच करावा लागेल.